विहिरीतला दम समुद्रात कामाचा नाही

पत्र थोडक्यात असं: भुसावळ तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४४, प्राथमिक शाळेत शिक्षिका. यजमान ५१ वर्षांचे, घरची केळीची बाग. मुलगी नववीत. डिसेंबरात तिघं अंदमानला निघालेत. सहा दिवसांचं पॅकेज आहे आणि त्यात स्कुबा डायव्हिंगही आहे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्राखाली फिरणं. मुलगी हरखून गेलीय. यजमान विहिरीत पोहत मोठे झालेले. ते म्हणतात, 'मला काय शिकवायचंय, मी दोन मिनिटं दम धरतो.' ताईंना पोहता येत नाही. नऊ वर्षांच्या असताना तापीच्या पात्रात पाय खड्ड्यात गेला, मावशीनं वेणीला धरून बाहेर ओढलं. तेव्हापासून तोंडावर पाणी आलं तरी जीव घाबरा होतो. सासूबाई म्हणतात, 'पानीसंगे खेयू नका, माय.' एजंट म्हणतो, पोहता येण्याची गरजच नाही. ताई विचारतात: 'मी उतरू की काठावर बसू? बसले तर मुलीला आई भित्री वाटेल. उतरून घाबरले तर सगळ्यांच्या सहलीचा विचका. आणि मुलीला पाठवू का? लहानपणी तिला बाळदमा होता, गेल्या सात वर्षांत काही नाही.' सगळ्यात शेवटी कंसात एक ओळ: '(ह्यांना तीन वर्षांपासून बी.पी.ची गोळी चालू आहे, पण फॉर्मवर सगळीकडे "नाही"च लिहायचं, असं एजंटनं सांगितलंय.)'

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुम्ही लिहिलंय तसं वरून खाली. कंसातल्या ओळीपाशी आले आणि मग दुसऱ्यांदा खालून वर वाचलं.

तुमच्या घरात तिघांची एक उतरंड लागलेली दिसते. सगळ्यात वर यजमान, कारण ते पट्टीचे पोहणारे. मग मुलगी, कारण ती तरुण आणि उत्साही. तळाला तुम्ही, कारण तुम्हाला पाण्याची भीती. काळजी कुणाची करायची हेही त्याच हिशेबानं ठरलंय. चार पानांच्या पत्रात तुमच्या भीतीवर तीन पानं आणि त्यांच्या बी.पी.वर कंसातली एक ओळ. मला ही उतरंड उलटी लावावीशी वाटते.

आपल्याकडे पोर विहिरीत पोहायला शिकतं ते कसं, हे तुम्ही पाहिलेलं असेल. पाठीला पत्र्याचा डबा किंवा मोटारसायकलची ट्यूब, वर काठावर काका, आणि पहिला धडा 'दम धर'. नाक दाबायचं, गाल फुगवायचे आणि उडी. स्कुबाचा पहिला धडा नेमका याच्या उलट आहे. पाण्याखाली श्वास कधीही, कशासाठीही रोखायचा नाही. आत घ्यायचा, बाहेर सोडायचा, सावकाश, अखंड.

कारण साधं आहे. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दहा मीटर खाली तो वरच्यापेक्षा दुप्पट. गच्च भरलेली ट्यूब तिथं नेली तर आतली हवा निम्म्या जागेत दबेल आणि वर आणली की पुन्हा होती तेवढी होईल. विहिरीत बुडी मारणाऱ्याचं असंच असतं. हवा वरूनच घेतलेली, त्यामुळं ती मापाबाहेर कधी फुगत नाही. पण तीच ट्यूब रिकामी खाली नेली, तिथं सिलिंडरमधून गच्च भरली आणि तोंड आवळून वर आणली तर? फाटेल. स्कुबात फुप्फुसं म्हणजे ही दुसरी ट्यूब. माणूस खालच्या दाबाची हवा घेत असतो. दम धरून वर आला तर दीड मीटरसुद्धा फुप्फुसाला इजा करायला पुरतं. आणि डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कमध्ये पाणी शिरलं, गडबडायला झालं, की विहिरीतल्या पोहणाऱ्याचे हातपाय त्याला न विचारता काय करतात? दम धरतात आणि सटकन वर येतात. चाळीस वर्षांची सवय आहे ती.

म्हणून 'दोन मिनिटं दम धरतो' हे ऐकून मला धीर आला नाही. पोहणं येतं ही चांगलीच गोष्ट, समुद्रात ते उपयोगी पडतंच. पण ते येतं म्हणून शिकायचं काही उरलं नाही असं धरून चालणारा शिकाऊ प्रशिक्षकाला जड जातो. तुम्ही मात्र प्रत्येक सूचना कान देऊन ऐकाल.

आता फॉर्म. उतरण्याआधी तब्येतीची एक प्रश्नावली भरून घेतात. दमा, फिट येणं, हृदयाचा आजार, अलीकडचं ऑपरेशन, कानाचे त्रास, गरोदरपण, चालू असलेली औषधं. पंचेचाळीस ओलांडलेल्यांना वेगळं विचारतात: रक्तदाब आहे का, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, घरात कुणाला हृदयविकार? एकही उत्तर 'हो' आलं तर बाद करत नाहीत. डॉक्टरांची सही आणा, एवढंच म्हणतात. हीच सही आणायचा कंटाळा, म्हणून 'सगळीकडे नाही लिहा'. यात एजंटचा एक ग्राहक वाचतो, तुमचा काही फायदा होत नाही.

बी.पी.चा आणि पाण्याचा संबंध काय, असं यजमान विचारतील. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात गेला की पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयाचं काम वाढतं. त्यात पाठीवरचं ओझं, लाटा, नव्या जागेची धडधड. रक्तदाब असलेल्या काहींच्या फुप्फुसात पाण्याखाली असताना द्रव साचू शकतो. काही गोळ्यांनी हृदयाचा वेग वाढायला हवा तेव्हा वाढत नाही. गोळीनं दाब नीट आटोक्यात असलेल्या पुष्कळ जणांना डॉक्टर परवानगी देतातही. त्यांनी जाऊच नये असं मी म्हणत नाही, विचारून जावं म्हणते. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, हे बेट आहे. काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचं, मोठं हॉस्पिटल बोटीनं दीड-दोन तासांवर. शिवाय खोटी माहिती दिली असेल तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी.

मी हे शहाणपण कुठून आणलं तेही सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी मालवणला गेले होते. होडी किल्ल्याकडे निघाली आणि चालत्या होडीत फॉर्म हातात आला. कागद वाऱ्यानं फडफडतोय, पेन एकच, आणि पोरगा म्हणतो, 'करा ताई सही, सगळे नाहीच लिहितात.' मला चार दिवसांपासून सर्दी होती. मी 'नाही' लिहिलं. तीनेक मीटर खाली गेले असेन, तर उजव्या कानात कुणी दाभण घातल्यासारखं झालं. प्रशिक्षकानं नाक दाबायला सांगितलं, दाबलं, फुंकलं, काही उघडेना. पाच मिनिटांत वर. पैसे भरले ते गेलेच, वर आठवडाभर त्या कानानं मी सगळ्यांना 'काय?' विचारत होते. चूक होडीवाल्याची होतीच, पण खोटं माझ्या हातानं लिहिलं होतं.

पुढच्या वर्षी सर्दी नसताना गेले तेव्हा कळलं की कानाचं गणित किती सोपं आहे. कान दुखायला लागल्यावर नाही, दुखण्याच्या आधी, दर थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरायचं आणि तोंड मिटून हलकेच नाकातून हवा ढकलायची. कानात बारीकसा 'टप्' आवाज येतो. नाही आला तर जोर लावायचा नाही. मीटरभर वर यायचं, पुन्हा करून बघायचं. गच्च नाकानं उतरायचं नाही आणि सर्दीची गोळी घेऊन तर नाहीच, कारण खाली असतानाच तिचा अंमल उतरला तर पंचाईत.

तेव्हा यजमानांशी कसं बोलायचं? 'तुम्हाला झेपणार नाही' या वाक्यानं सुरुवात केली तर सहल सुरू व्हायच्या आधीच संपेल. मुलीसमोर तर हा विषयच नको. बी.पी. तपासायला ते महिन्या-दीड महिन्यानं जातच असतील. त्या वेळी तुम्ही सोबत जा. स्कुबा करणाऱ्यांसाठीचा मेडिकल फॉर्म इंटरनेटवर मिळतो. त्याची छापील प्रत न्या. भुसावळ-जळगावच्या डॉक्टरांकडे असा पेशंट रोज येत नाही, म्हणून नेमकं सांगा: पाठीवर पंधरा-वीस किलोचं सामान, बारा मीटरपर्यंत खोली, अर्धा-पाऊण तास. डॉक्टरांनी सही दिली तर यजमानांना जाऊ द्या आणि मनातली धाकधूक तिथंच सोडा. नाही दिली, तर तो निर्णय डॉक्टरांचा. त्यात बायकोचा काही संबंध उरला नाही, हे तुमच्या घराच्या दृष्टीनंही बरं.

मुलीचं. दहा वर्षांपासून पुढच्या मुलांना हा पहिला अनुभव घेता येतो, त्यामुळं वयाची अडचण नाही. बाळदम्याचं मात्र मुलांच्या डॉक्टरांना विचारा. श्वासनळ्या आवळल्या गेल्या तर वर येताना फुगणारी हवा आत अडकते, म्हणून दम्याला इथं एवढं महत्त्व. फुंकर मारायची तपासणी करून, गरज वाटली तर पळवून पुन्हा तपासून, ते सांगतील. सात वर्षं काही नाही ही जमेची बाजू आहे, पण ती डॉक्टरांपुढे मांडायची. फॉर्मवरून गाळायची नाही.

तिच्याशी एक गोष्ट घरीच बोलून ठेवा. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'मस्त' नव्हे. त्याचा अर्थ 'मला वर न्या'. ठीक आहे असं सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीचा गोल. फोटोसाठी हौसेनं अंगठा दाखवणारे पाहुणे थेट वर नेले जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तिला हेही सांगा की अंगठा कधीही, अगदी पहिल्या मिनिटालाही, वर करता येतो आणि 'का?' असं घरचं कुणी विचारणार नाही. वर्गात तुम्ही मुलांना सांगता ना, समजलं नाही तर हात वर करा? तसंच.

आणि आता तुम्ही. एजंट म्हणतो ते खरंय, पण अर्धं. या पहिल्या डुबकीत प्रशिक्षक बरोबर असतो, तुम्हाला धरून फिरवतो, तरंगण्या-बुडण्याचं बघतो. त्यासाठी पोहता यायला हवं अशी अट नसते. अट आहे ती पूर्ण कोर्सला. तिथं २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. तीन-चार दिवस लागतात आणि मग अठरा मीटरपर्यंत जायचा परवाना मिळतो. तो तुमचा विषय नाही. एजंटनं न सांगितलेलं अर्धं हे, की तोंडावर पाणी सहन व्हायला हवं. मास्कमध्ये थोडं पाणी शिरतंच. ते नाकानं हवा सोडून बाहेर घालवायचं असतं, डोळे उघडे ठेवून, शांतपणे. ज्यातून श्वास घ्यायचा तो तोंडातला रबराचा तुकडा काढून परत घालायचा असतो. मावशीनं वेणी धरून ओढलेल्या मुलीला हे जमेल का?

याचं उत्तर अंदमानात शोधू नका, घरच्या बादलीत शोधा. एक साधा मास्क आणि स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची नळी, विकत घ्या. पहिले काही दिवस मास्क लावून नुसतं तोंडानं श्वास घेत भाजी निवडा. घरचे हसतील, हसू द्या. नाक बंद असताना तोंडानं निवांत श्वास घेणं हे निम्मं काम आहे. मग बादलीत चेहरा बुडवून स्नॉर्केलनं वीस श्वास मोजा. ते सवयीचं झालं की मास्कमध्ये मुद्दाम चमचाभर पाणी जाऊ द्या. मग तरणतलाव, कंबरभर पाणी. बायकांची वेगळी वेळ असते का ते विचारा आणि ऑक्टोबरचा उकाडा आहे तोवरच जा. डिसेंबरात आपल्याकडच्या तलावाचं पाणी बर्फ असतं. अंदमानचं पाणी तेव्हाही अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, त्याची काळजी नको.

दोन महिन्यांत बादलीतले वीस श्वास सहज होत असतील तर तुम्ही उतरा, आणि खुशाल उतरा. होत नसतील तर हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर लाइफ जॅकेट घालून, रिंग धरून, उथळ पाण्यात नुसता चेहरा बुडवा. प्रवाळ तिथूनही दिसतं. तेही नको वाटलं तर काठावर बसा. मुलीला आई भित्री वाटेल असं तुम्ही लिहिलंय, मुलीनं तसं कुठं म्हटल्याचं पत्रात नाही. ते तुमचं तुम्हीच ठरवलंय. उलट तिघांपैकी एकानं कोरडं, फोन हातात धरून, गोळ्यांची पिशवी सांभाळत थांबणं मला तरी बरं वाटतं. कुणाच्या तरी धाकानं किंवा लाजेनं पाण्यात उतरू नये, एवढं मात्र मी कानाच्या अनुभवावरून ठामपणे सांगेन.

तुम्ही पॅकेजचा कागद जोडलात हे फार बरं केलंत, कारण त्यातली सगळ्यात मोठी चूक तुमच्या प्रश्नात नाहीच. शेवटच्या दिवशी सकाळी सातला स्कुबा, साडेदहाची बोट, दुपारी तीनचं विमान. हे चालणार नाही. खाली दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि अंगात विरघळतो. तो सावकाश बाहेर पडायला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तसा, म्हणजे आपल्या तोरणमाळहूनही कितीतरी विरळ हवा. गोटीसोड्याची गोटी दाबल्यावर कसे बुडबुडे उसळतात ते आठवा. ते बुडबुडे सांध्यात, मज्जारज्जूत नकोत. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था एका साध्या डुबकीनंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक डुबक्या झाल्या असतील तर निदान १८ तास विमान टाळायला सांगते. पुष्कळ जण सरळ २४ धरतात. तुम्हीही धरा. एजंटला आजच फोन करून स्कुबा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी घ्यायला लावा. बोटीचा प्रवास चालतो, विमान नाही. मधला दिवस हाताशी असला तर वारा-पाऊस किंवा सर्दी यांनाही जागा राहते.

त्याच फोनवर आणखी विचारा. पाण्यात नेणारा माणूस कुठल्या संस्थेचा प्रमाणित प्रशिक्षक आहे? पाडी, एसएसआय अशी नावं तो लगेच सांगेल, कार्डही दाखवेल. एका शिकाऊमागे एक माणूस असेल का? आधी कंबरभर पाण्यात सराव घेतात का, आणि किती वेळ? फॉर्म आदल्या दिवशी मिळेल का? 'अहो, सगळं तिथं गेल्यावर' असं उत्तर आलं तर पॅकेजमधला स्कुबा काढून टाकायला सांगा आणि हॅवलॉकला पोचल्यावर स्वतः दोन-तीन ठिकाणी हिंडून ठरवा. एवढ्या लांब नको, आधी महाराष्ट्रातच बघू असं कुणा वाचकाला वाटलं तर तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. तिथं प्रशिक्षणासाठी खोल तलावही आहे. पण खानदेशातून मालवण काही शेजारी नाही, आणि पावसाळ्यात तिकडे समुद्र बंद.

किरकोळ, पण बायका विचारत नाहीत म्हणून: मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी खोलीवर ठेवून जा, नळ्यांत अडकतात. केस घट्ट बांधा. मास्कच्या कडेखाली एक बट आली तरी पाणी शिरतं. पाळी आली म्हणून उतरायला मनाई नाही, बरं वाटत असेल तर जा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारा. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो, साधी कोरडी हवाच दाबून भरलेली असते. कोरोनानंतर 'सिलिंडर लावायचा' म्हटलं की सासूबाईंच्या पोटात गोळा येईल, त्यांना एवढं जरूर सांगा. मासे जवळ यावेत म्हणून कुणी बिस्किटं टाकत असेल तर नको म्हणा. प्रवाळाला हात लावायचा नाही, तुकडाही उचलायचा नाही. वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

राहता राहिली मिशी. यजमानांची आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण केळीवाले म्हणजे असणारच असं मी धरते. मिशीवर मास्क बसत नाही, पाणी झिरपत राहतं. सगळी काढायची गरज नाही, नाकाखालची बारीकशी रेघ भादरली तरी पुरतं. डॉक्टरांची सही मिळाली तर हा विषय तुम्हीच काढा. त्यात मी पडत नाही.